स्टरर थांबला तर…

गंगापूर रोडवरच्या माणसाला विचारा, नाशकात धोक्याची जागा कुठली? त्याचं बोट सातपूरकडे जाईल, फार तर अंबडकडे. रिअ‍ॅक्टर तिकडे, टँकर तिकडे, पाळ्यांचे भोंगे तिकडे. अशोक स्तंभापासून धरणाकडे जाणारा हा रस्ता कॉलेजांचा, क्लासेसचा आणि दवाखान्यांचा. केटीएचएम आहे, मराठा विद्या प्रसारक समाजाची इंजिनिअरिंग आणि फार्मसीची महाविद्यालयं आहेत, अधल्यामधल्या इमारतींत पॅथॉलॉजी लॅब आहेत. आनंदवल्ली-सोमेश्वर मागे टाकलं की गोवर्धनला मुक्त विद्यापीठ, आणि त्याच्याही पुढे धरणाच्या अंगाला द्राक्षमळे नि वायनरी. इथे कसला आलाय धोका?

सातपूरला जे आहे तेच इथेही आहे. तिथे ते दोनशे लिटरच्या ड्रममध्ये असतं, इथे अर्ध्या लिटरच्या बाटलीत. ईथर आहे, संहत नायट्रिक आम्ल आहे, हायड्रोजनचे सिलिंडर आहेत, ऑटोक्लेव्ह आहेत. प्रमाण कमी म्हणून नुकसानही कमी, हा हिशेब बऱ्याच वेळा बरोबर येतो, पण तो माणसाच्या बाबतीत येत नाही. शंभर मिलिलिटर ईथर इमारत पाडणार नाही. ते हातात धरून उभ्या असलेल्या मुलीचा चेहरा मात्र जाळू शकतं.

आणखी एक फरक आहे आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. कारखान्यात एकच अभिक्रिया वर्षानुवर्षं त्याच रिअ‍ॅक्टरमध्ये त्याच माणसांच्या हातून होते. तिच्या खोड्या सगळ्यांना पाठ झालेल्या असतात. प्रयोगशाळेत दर आठवड्याला वेगळा प्रयोग आणि दर जूनला नवी मुलं. संशोधन म्हटलं तर पुढे काय होणार हे माहीत नसतं म्हणूनच अभिक्रिया करायची असते. पायलट प्लँट या दोघांच्या मधला: प्रमाण कारखान्याकडे झुकलेलं, अनुभव मात्र प्रयोगशाळेइतकाच.

ही पुस्तिका प्रयोगशाळा आणि पायलट प्लँट या दोन जागांसाठी आहे. तिच्यात तक्ते आहेत, नमुने आहेत, कुठलं रसायन कुठल्या रसायनाशेजारी ठेवू नये याच्या याद्या आहेत. ते सगळं संपादक मंडळींनी नीट केलं आहे आणि त्याची उजळणी मी इथे करणार नाही. मला एकच गोष्ट सांगायची आहे. प्रयोगशाळेतला अपघात बहुतेक वेळा काहीतरी बदललेलं असताना होतो, आणि तो बदल कुणीतरी पाहिलेला असतो. पाहणाऱ्याला विचारायची पद्धत नसते, एवढंच.

आधी दोन व्याख्या उरकून घेऊ. धोका हा पदार्थाच्या, यंत्राच्या किंवा जागेच्या अंगातच असतो. तो कुणाला, कधी, किती लागेल याचा अंदाज म्हणजे जोखीम. कपाटात बुच घट्ट लावून ठेवलेलं नायट्रिक आम्ल आणि तेच आम्ल तोंडाने पिपेटमध्ये ओढणारा विद्यार्थी, यांत धोका एकच आहे, जोखीम वेगळी. धोका ओळखायला रसायनशास्त्र लागतं. जोखीम ठरवायला ती खोली, तिथली माणसं आणि त्यांच्या सवयी माहीत असाव्या लागतात.

खोलीपासूनच सुरुवात करू. कुठल्याही जुन्या कॉलेजचं केमिकल स्टोअर उघडा. बाटल्या इंग्रजी मुळाक्षरांप्रमाणे लावलेल्या दिसतील. शोधायला सोपं, स्टॉक तपासणीला सोपं, ऑडिटरलाही बरं. पण या शिस्तीत नायट्रिक आम्लाच्या शेजारी नायट्रोबेन्झीन येतं. एक जोरदार ऑक्सिडीकारक आणि दुसरं त्याला आयतं मिळालेलं इंधन. दोन्ही फुटून एकमेकांत मिसळली तर जे होईल त्याला स्फोटक मिश्रण म्हणतात. ज्याने ही मांडणी केली त्याने काही निष्काळजीपणा केला असं कुणी म्हणणार नाही. त्याने नीटनेटकेपणाच केला.

त्याच कपाटाच्या खालच्या फळीवर, मागच्या रांगेत, पिवळसर पडलेल्या लेबलची एक बाटली असते: पिक्रिक आम्ल. क्रिएटिनिनच्या चाचणीला लागतं, सेंद्रिय संयुगांचे पिक्रेट बनवायला लागतं, म्हणून कधीकाळी मागवलेलं. हे आम्ल पाण्याने ओलं ठेवतात, कारण कोरडं झालं की ते स्फोटक असतं. पहिल्या महायुद्धापर्यंत तोफगोळ्यांत तेच भरत असत. पाच-सात उन्हाळे गेले की बाटलीतलं पाणी उडतं. बुचाच्या आट्यांत पिवळे स्फटिक जमतात. आता ती बाटली उघडण्यासाठी बुच पिळणं म्हणजेच स्फटिक घासणं. विकत घेतली तेव्हाची बाटली आणि आताची बाटली यांवर लेबल एकच आहे. आतला पदार्थ मात्र तोच राहिलेला नाही. अशी बाटली दिसली तर हलवायचीही नाही, उघडायची तर नाहीच. खोली बंद करायची आणि जाणकाराला बोलवायचं.

स्टोअरच्या बाहेर फ्रिज असतो, घरात असतो तसाच. डायएथिल ईथरचा फ्लॅश पॉइंट उणे 45 अंश सेल्सिअस. म्हणजे फ्रिजमधल्या चार अंशांनाही ते पेटण्याइतकी वाफ सोडतच असतं. बुच जरा सैल असलं की रात्रभरात फ्रिजच्या पोटात वाफ आणि हवा यांचं पेटेल असं मिश्रण तयार होतं, आणि थर्मोस्टॅटचा संपर्क दर थोड्या वेळाने आतच ठिणगी टाकत असतो. ज्वालाग्राही द्रव थंड ठेवला म्हणजे सुरक्षित ठेवला, असं वाटणं साहजिक आहे. घरगुती फ्रिजमध्ये ते नेमकं उलटं ठरतं. याच्याइतकीच घातक आणि आपल्याकडे फारच रुळलेली सवय म्हणजे पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत रसायन ओतून ठेवणं. त्याबद्दल लिहावं तेवढं थोडं, पण पुस्तिकेत त्यावर चांगलं पान आहे.

या गोष्टी कुणाला माहीत असतात? प्राध्यापकांना पिक्रिक आम्लाचं सूत्र माहीत असतं. ती बाटली कुठल्या फळीवर आहे आणि शेवटची कधी हलवली, हे परिचरांना. आपल्याकडे कॉलेजात त्यांना मुलं ‘मामा’ म्हणतात. कुठल्या बेसिनचा नळ आवळत नाही, कुठला फ्यूम हूड नुसताच आवाज करतो आणि हवा ओढत नाही, कुठल्या बर्नरची रबरी नळी भेगाळली आहे, कुठल्या सिलिंडरची चावी हरवल्यापासून पान्याने फिरवावी लागते, हे सगळं मामांच्या डोक्यात असतं. एका ठिकाणी जोखीम-तपासणीसाठी गेलो असताना तिथल्या मामांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, “सर, तो तिसरा हूड सुरू करून कागदाचा कपटा धरा.” धरला. कपटा आत ओढला जाण्याऐवजी माझ्याकडे उडाला. वर गच्चीवर कधीतरी मोटर दुरुस्त झाली होती आणि परत जोडताना फेज उलटे लागले होते. पंखा उलटा फिरत होता आणि गच्चीवरची हवा चिमणीतून खोलीत येत होती. मी विचारलं, कुणाला सांगितलं का? “विचारलं कुणी?” असं ते म्हणाले, आणि त्यात तक्रारीचा सूरही नव्हता.

जोखीम-मूल्यांकनाचा कागद बहुतेक ठिकाणी विभागप्रमुखांच्या केबिनमध्ये, इंग्रजीत, तपासणीच्या आदल्या आठवड्यात भरला जातो. रसायनाबरोबर येणारं सुरक्षा माहितीपत्रक, 16 विभागांचं, तेही इंग्रजीत. ज्याचा हात त्या बाटलीला रोज लागतो त्याच्यापर्यंत यातलं काही पोचत नाही, आणि त्याला जे माहीत आहे ते या कागदापर्यंत पोचत नाही. मराठीत अशी पुस्तिका हवी, ती एवढ्यासाठी. भाषाप्रेमाचा मुद्दा मी इथे काढत नाही.

आता पद्धतीकडे येऊ. धोके शोधायच्या पद्धती बऱ्याच आहेत, पण मला सर्वांत उपयोगी वाटते ती हॅझॉप. 1960 च्या दशकात ब्रिटनच्या आयसीआय कंपनीत ती घडत गेली आणि ट्रेव्हर क्लेट्झ यांनी ती जगभर पोचवली. तिचं मर्म इतकं साधं आहे की मोठ्या लोकांना ते बालिश वाटतं. प्रक्रियेतली एकेक गोष्ट घ्यायची (प्रवाह, दाब, तापमान, ढवळणं) आणि तिच्यापुढे ठरावीक शब्द लावत जायचे: नाही, जास्त, कमी, उलट, आधी, उशिरा. प्रवाह नाही. प्रवाह उलट. दाब जास्त. दर वेळी विचारायचं, असं झालं तर काय, कशामुळे होईल, आपल्याला कळेल कसं? वरचा हूड ‘प्रवाह उलट’ या दोन शब्दांत सापडला असता.

‘ढवळणं नाही’ हे आपल्या भागासाठी खास. एका फ्लास्कमध्ये एक अभिकारक आहे, वरच्या ड्रॉपिंग फनेलमधून दुसरा थेंब-थेंब पडतो आहे, मध्ये स्टरर फिरतो आहे. अभिक्रिया उष्णता देणारी आहे, पण थेंब पडतो तसा लगेच खपतो, म्हणून तापमान ताब्यात आहे. वीज जाते. स्टरर थांबतो. फनेलला वीज लागत नाही; तो गुरुत्वाकर्षणावर चालतो, आणि ते जात नाही. थेंब पडतच राहतात. ढवळणं नसल्याने ते मिसळत नाहीत, खाली किंवा वर थर करून साचतात. थर्मामीटर शांत, उलट एखादा अंश उतरलेला. मुलं खिडकीशी जाऊन उभी राहतात. वीस मिनिटांनी वीज येते, स्टरर आपोआप सुरू होतो, आणि वीस मिनिटांत साचलेलं सगळं एका क्षणात एकमेकांना भेटतं. या प्रसंगात वीज जाण्यापेक्षा वीज येणं जास्त धोक्याचं आहे. उपाय फुकटात होतो: वीज गेली की पहिला हात फनेलच्या चावीवर, दुसरा स्टररच्या स्विचवर, आणि तो स्विच आपणहून चालू करेपर्यंत बंदच. पायलट प्लँटवर हेच काम इंटरलॉक करतो. पण ‘ढवळणं नाही’ हा प्रश्न कुणी विचारलाच नाही तर इंटरलॉक बसवायचं कुणाच्या डोक्यात येणार?

‘दाब कमी’ या दोन शब्दांचं मोल नाशिकइतकं कुणाला कळू नये. 21 एप्रिल 2021. कोविडची दुसरी लाट, महापालिकेचं डॉ. झाकीर हुसेन रुग्णालय. आवारातल्या द्रवरूप ऑक्सिजनच्या टाकीत टँकरमधून भरणं चालू असताना गळती लागली. पांढरे लोट रस्त्यापर्यंत गेले. ती चित्रं सगळ्यांनी पाहिली. ऑक्सिजनचा धोका म्हटला की कुठल्याही पुस्तकात पहिलं नाव आगीचं येतं. आग लागली नाही. नळीतला दाब पडला, आणि व्हेंटिलेटरवर, ऑक्सिजनवर असलेले वीसहून अधिक रुग्ण गेले. ती प्रयोगशाळा नव्हती, पायलट प्लँटही नव्हता, आणि दोष कुणाचा हे ठरवणं या प्रस्तावनेचं काम नाही. मला एवढंच दाखवायचं आहे की पदार्थाच्या गुणधर्मांची यादी करून धोके संपत नाहीत. तो पदार्थ तिथे कशासाठी आहे आणि तो नसला तर काय, हेही विचारावं लागतं. ऑक्सिजनच्या माहितीपत्रकाच्या 16 विभागांत ‘हा संपला तर माणूस मरेल’ असं कुठेच लिहिलेलं नसतं.

पायलट प्लँटचं प्रकरण वेगळं आहे आणि त्यावर मी जरा जास्त थांबणार आहे, कारण तिथे हुशार माणसंच फसतात. अडीचशे मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये जमलेली अभिक्रिया अडीचशे लिटरच्या केटलमध्ये न्यायची. आकारमान हजार पट झालं. पृष्ठभाग मात्र शंभर पटच वाढला. उष्णता तयार होते ती आकारमानात आणि बाहेर जाते ती पृष्ठभागातून. म्हणजे दर लिटरमागे उष्णता बाहेर जायला मिळणारी वाट एक दशांश उरली. घरी चार माणसांचा भात उतरवला की निवायला लागतो, लग्नाच्या पातेल्यातला उतरवल्यावरही आत शिजत राहतो. रसायनशास्त्र काही बदललं नाही. ज्या अभिक्रियेला फ्लास्कमध्ये वरून गरम करत बसावं लागत होतं, तिलाच आता थंड करायची पाळी येते. फ्लास्कमध्ये ती उष्णता देते हे कळतसुद्धा नाही, कारण काच ती गुपचूप बाहेर सोडत असते.

फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल इथली टी-टू लॅबोरेटरीज ही छोटी कंपनी पेट्रोलमध्ये घालायचं एक मिश्रण बनवत होती. एक लिटरच्या रिअ‍ॅक्टरमध्ये अभिक्रिया नीट बसवून घेतलेली होती. मोठ्या रिअ‍ॅक्टरमध्ये गेल्यावर पहिल्या दहा बॅचमधल्या तिनांत तापमान अनपेक्षितपणे वर गेलं. कृतीत थोडे फेरफार झाले आणि बॅच बऱ्या निघू लागल्या. 42 व्या बॅचपासून प्रमाण एक तृतीयांशाने वाढवलं. 19 डिसेंबर 2007 ला 175 वी बॅच चालू असताना कूलिंग मिळालं नाही. जॅकेटमध्ये नगरपालिकेच्या नळाचं पाणी होतं, दुसरी सोय नव्हती. नेहमी 180 अंशांच्या आसपास कूलिंग सुरू होत असे. 200 च्या जवळ सोडियम आणि द्रावक यांची एक दुसरीच, पहिलीपेक्षा कितीतरी जोरदार अभिक्रिया सुरू होते, हे तिथे कुणाला माहीत नव्हतं. चौघे गेले. मालकांपैकी एक त्यांत होता. रसायनशास्त्रज्ञ आणि केमिकल इंजिनिअर अशा दोघांची ती कंपनी. अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डाने चौकशीनंतर एक शिफारस शिक्षणाबद्दल केली: अभिक्रियांचे धोके पदवीच्या अभ्यासक्रमात शिकवा. गंगापूर रोडवर दरवर्षी किती पदव्या मिळतात हे लक्षात घेतलं तर ती शिफारस आपल्यालाही लागू आहे.

174 बॅच सुखरूप निघाल्या, हाच तिथला सापळा होता. सुखरूप निघालेली बॅच काही सिद्ध करत नाही. त्या दिवशी पाणी आलं होतं, एवढंच ती सांगते. “इतकी वर्षं करतोय, काही झालं नाही” हे वाक्य मी ज्या ज्या ठिकाणी ऐकलं, तिथे पुढचा प्रश्न हाच विचारला: थोडक्यात किती वेळा वाचलात? त्याचं उत्तर लिहिलेलं कुठेच नसतं.

मोठ्या रिअ‍ॅक्टरपर्यंत जायलाही नको. टेक्सास टेक विद्यापीठात जानेवारी 2010 मध्ये स्फोटक संयुगांवर काम चालू होतं. एका वेळी 100 मिलिग्रॅमपेक्षा जास्त बनवायचं नाही, असा तोंडी दंडक होता. दोन विद्यार्थ्यांनी वारंवार बनवायला नको म्हणून एकदम 10 ग्रॅमच्या आसपास बनवलं आणि एकजण ते खलात बारीक करत असताना स्फोट झाला. त्याची तीन बोटं गेली. तोंडी दंडक नव्या माणसापर्यंत कसा पोचतो, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. आपल्या जवळचं पाहायचं तर 29 डिसेंबर 2009 ला मुंबईत भाभा अणुसंशोधन केंद्राच्या एका रसायन प्रयोगशाळेत आग लागून दोन तरुण संशोधक गेले. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत 5 डिसेंबर 2018 ला गॅस सिलिंडरच्या स्फोटात एक संशोधक गेला. या दोन्ही संस्था देशातल्या पहिल्या रांगेतल्या. तेव्हा आमच्याकडे साधनं नाहीत म्हणून धोके आहेत, ही समजूत थोडी आवरलेली बरी.

या रस्त्याच्या धरणाकडच्या टोकाला येऊ. 2000 च्या सुमारास सुला ही वायनरी आली आणि नाशिकची द्राक्षं दारूच्या पिंपातही जाऊ लागली. वायनरी पाहायला जाणाऱ्यांना ती सहलीची जागा वाटते. रसायनाच्या माणसाला ती चक्क आंबवण्याची फॅक्टरी दिसते. द्राक्षरसात लिटरला दोनशे ग्रॅमच्या वर साखर असते; तिचं अल्कोहोल होताना जवळजवळ निम्म्या वजनाचा कार्बन डायऑक्साइड सुटतो. म्हणजे एका लिटर रसातून पन्नास लिटरच्या वर वायू. पाच हजार लिटरची एक टाकी पूर्ण आंबली की अडीचशे घनमीटर. कॉलेजात प्रकल्पासाठी शंभर लिटरची आंबवणी लावली तरी पाच घनमीटर, आणि ती बहुधा तळघरात किंवा खिडक्या बंद ठेवलेल्या थंड खोलीत लावलेली असते. हा वायू हवेपेक्षा दीडपट जड. तो टाकीच्या तळाशी, खोलीच्या जमिनीलगत बसून राहतो. रंग नाही, वास नाही. हवेत तो चार टक्के झाला की जीवाला तात्काळ धोका मानतात. टाकी रिकामी करून धुवायला माणूस आत उतरतो, तो पडला म्हणून दुसरा उतरतो. मॅनहोलच्या बातम्यांत आपण हे सारखं वाचतो.

इथे एक जुनी रीत अडवी येते. विहिरीत उतरण्याआधी दिवा सोडून पाहायचा, जळत राहिला तर उतरायचं. ज्यांनी ही रीत काढली त्यांनी मूल्यांकनच केलं होतं, आणि त्या काळी त्यापेक्षा चांगलं काही हातात नव्हतं. पण दिवा विझायला हवेत जितका कार्बन डायऑक्साइड लागतो त्यापेक्षा बराच कमी माणसाला पुरतो. दिवा जळतोय आणि माणूस पडलाय, असं होऊ शकतं. आंबवणीच्या टाकीसाठी मीटरच लागतो, कार्बन डायऑक्साइड मोजणारा, आणि बाहेर दोरी धरून उभा असलेला माणूस.

अपघात बहुतेक वेळा काहीतरी बदललेलं असताना होतो, असं मी सुरुवातीला म्हणालो. त्याला अपवाद दाखवणारी एक गोष्ट महाराष्ट्रातच घडली आहे आणि ती सांगितल्याशिवाय माझं म्हणणं पुरं होत नाही. मुंबईत 1896 साली प्लेग आल्यावर वाल्डेमार हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या छोट्याशा जागेत लस तयार केली आणि जानेवारी 1897 मध्ये पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. पुढे मागणी लाखांत गेली, प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली. आजच्या भाषेत हा स्केल-अप. उत्पादन वेगाने व्हावं म्हणून कृतीत बदल झाले आणि त्यांत लशीत कार्बोलिक आम्ल घालणं बंद झालं. ऑक्टोबर 1902 मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावात 107 जणांना लस टोचली. त्यांपैकी एकाच बाटलीतून टोचलेले 19 जण धनुर्वाताने गेले.

चौकशी आयोगाने बदल शोधला आणि तो सापडलाही: कार्बोलिक आम्ल वगळलं होतं. दोष परळच्या प्रयोगशाळेवर आणि हाफकिन यांच्यावर आला, त्यांना निलंबित केलं. पण त्या दिवशी गावात ती बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि ज्योतीत न धरता नुसता जंतुनाशकात बुडवून बुच काढायला वापरला होता. धनुर्वाताचे जंतू मातीतच असतात. रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी आवाज उठवला आणि 1907 साली हाफकिन त्यातून सुटले. परळच्या त्या संस्थेला त्यांचं नाव 1925 मध्ये मिळालं.

ही गोष्ट मला दोन्ही बाजूंनी टोचते. बदल दिसला की तोच गुन्हेगार, असं धरून बसलं तर खरं कारण बाजूला राहतं. आणि कागदावरची कृती कितीही निर्दोष असली तरी जोखीम शेवटी त्या एका चिमट्यापाशी, तो धरणाऱ्या हातापाशी येते. पडलेल्या चिमट्याचं काय करायचं, हे कुणी त्या हाताला इतकं पक्कं सांगितलं होतं का, की गर्दीत आणि घाईतही तो ते विसरणार नाही?

कायद्याबद्दल थोडक्यात. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर 1986 चा पर्यावरण संरक्षण कायदा आला, 1987 मध्ये कारखाने अधिनियमात धोकादायक प्रक्रियांचं प्रकरण घातलं गेलं, 1989 मध्ये घातक रसायनांचे नियम आले. महाराष्ट्रात औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय कारखान्यांवर लक्ष ठेवतं. या सगळ्याचा रोख मुख्यतः कारखान्यावर आणि कामगारावर. एम.एस्सी.ला शिकणारी मुलगी कामगार नसते आणि तिची प्रयोगशाळा कारखाना नसते. डोंबिवलीत 2016 आणि 2024 च्या मे महिन्यात स्फोट झाले तेव्हा तपासण्यांची, स्थलांतराची चर्चा झाली. कॉलेजच्या लॅबपर्यंत ती चर्चा येण्याचं कारणच नव्हतं. म्हणून इथे जे काही करायचं ते आपणहून करावं लागतं.

आपणहून करताना एक आकडेमोड जपून वापरा. पुस्तिकेत पाच गुणिले पाचचा तक्ता आहे: शक्यतेला एक ते पाच गुण, परिणामाला एक ते पाच गुण, गुणाकार म्हणजे जोखीम. तक्ता चांगला आहे, चर्चा सुरू करून देतो. पण गरम बीकरला हात लागून किरकोळ भाजणं, शक्यता पाच, परिणाम एक, गुणाकार पाच. कोरडी पडलेली पिक्रिक आम्लाची बाटली, शक्यता एक, परिणाम पाच, गुणाकार पुन्हा पाच. तक्ता दोघांना एकाच हिरव्या चौकटीत बसवतो. म्हणून परिणामाच्या रकान्यात पाच आला की गुणाकार करू नका. आधी ती गोष्ट तिथे ठेवायलाच हवी का, ते विचारा. क्लेट्झ यांनी यावरच भर दिला, विशेषतः 1974 मध्ये इंग्लंडात फ्लिक्सबरो इथे सायक्लोहेक्झेनच्या स्फोटात 28 माणसं गेल्यावर. गॉगल, हातमोजे, अ‍ॅप्रन यांचा नंबर सर्वांत शेवटी लागतो. आपल्याकडे सुरुवातच त्यांच्यापासून होते, कारण ते विकत मिळतात आणि फोटोत दिसतात.

वापरण्याच्या दृष्टीने दोन सूचना. पहिलं प्रकरण वाचून तिसऱ्यावर जायला हरकत नाही. दुसरं फक्त पायलट प्लँट असणाऱ्यांसाठी आहे. मात्र प्रत्येक प्रकरणाअखेरचे रिकामे तक्ते शिक्षकांनी एकट्याने भरू नयेत. परिचर, स्टोअरकीपर आणि प्रयोग करणारी दोन मुलं सोबत बसवावीत आणि प्रत्येक रकाना मोठ्याने वाचून भरावा, मराठीत. प्रमाण, उपकरण, माणूस, जागा किंवा पुरवठादार यांपैकी एकही बदललं की तोच तक्ता पुन्हा काढावा. तारीख उलटली म्हणून काढू नये. शेवटची आठ पानं थोडक्यात वाचलेल्या प्रसंगांसाठी कोरी सोडली आहेत. त्यांत नाव लिहायची जागा मुद्दाम ठेवलेली नाही.

रोगजंतू हाताळणाऱ्या प्रयोगशाळा आणि क्ष-किरण यंत्रं या पुस्तिकेत घेतलेली नाहीत. पॅथॉलॉजी लॅब या रस्त्यावर इतक्या आहेत की त्यांच्यासाठी वेगळा भाग हवा, आणि तो त्या कामातल्या माणसांनीच लिहायला हवा.